खिडकीजवळचा अनुमोदक

टाचणीनं, म्हणजे माझ्या जुन्या मैत्रिणीनं, कागद माझ्या टेबलावर आपटला आणि त्यावर बोट दाबून धरलं. "वाच," म्हणाली. मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोक्यावरच होता, पण शोधण्यात जरा वेळ जातो, आणि तिचा आवाज ऐकून मला जरा वेळ हवाच होता. "राहू दे, मीच वाचते," ती म्हणाली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. "ठराव क्रमांक चौदा. लिपिशास्त्र विभाग पुढील शैक्षणिक वर्षापासून बंद करण्यात यावा व विभागातील अध्यापकांचे अन्यत्र समायोजन करण्यात यावे. ठराव सर्वानुमते संमत. सूचक, वाणिज्य विभागप्रमुख. अनुमोदक..." आणि तिनं माझं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पस्तीस वर्षं ती मला लांब्या म्हणत आलीय. एका बाकावर बसून आम्ही शिकलो, एकाच वर्षी इथं चिकटलो, ती लिपिशास्त्रात, मी इतिहासात. माझं पूर्ण नाव तिला येतं हेच मला माहीत नव्हतं. ते तिच्या तोंडून ऐकताना मला कुणीतरी तिसराच माणूस खोलीत आल्यासारखं वाटलं. "तू अनुमोदन दिलंस?" तिनं विचारलं. "मी? छे! मी कशाला देईन?" मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की माझा मलाच संशय आला.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत आहे, पण सांगतो. आमच्या विद्यासभेत तेवीस माणसं. विद्यापीठात काय शिकवायचं, कुठला विभाग ठेवायचा, कुठला मोडायचा, हे आम्ही शिक्षकांनीच ठरवायचं, वरून कुणी लुडबुड करायची नाही, असा कायदाच आहे, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान! नियम असा की ठराव एकानं मांडायचा, तो सूचक, आणि दुसऱ्यानं त्याला पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथल्या तिथं बारगळतो. पण तेवीस शहाणी माणसं एका टेबलाभोवती बसल्यावर दर ठरावाला हात कोण वर करणार? आम्ही सगळे पुटपुटतो, कुणी खोकतं, कुणी कागद उलटतं, अध्यक्ष म्हणतात "चला, पुढे." इतिवृत्त लिहिणाऱ्या भाऊसाहेबांना मात्र दोन नावं लागतातच. म्हणून त्या बिचाऱ्या माणसानं फार पूर्वीच एक सोय करून ठेवली. अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसलेला तो सूचक, खिडकीजवळ बसलेला तो अनुमोदक. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी काही म्हणत नाही. बंद खोलीत माझं डोकं चढतं, म्हणून गेली नऊ वर्षं खिडकीजवळ मी बसतो. नऊ वर्षांत मी अभ्यासक्रमांना अनुमोदन दिलंय, परीक्षांच्या तारखांना दिलंय, एकदा शोकप्रस्तावाला दिलंय, आणि त्या वेळी मी त्या खोलीत नव्हतोच, स्वच्छतागृहात होतो. हे मी घरी रंगवून सांगायचो. बायको म्हणायची, "घरी साधा पडद्याचा रंग विचारला तरी 'बघू' म्हणता, आणि तिकडे जगाला होकार देत सुटलाय!" आम्ही पोट धरून हसायचो.

टाचणी हसली नाही. कॉलेजात तिला हे नाव पडलं ते अंगानं काडी होती म्हणून, आणि टोचायची म्हणूनही. आता अंगानं भरलीय, केस पांढरे, पण टोचायचं काही सुटलेलं नाही. "तुमची ती खुर्च्यांची भानगड मला माहितीय," ती म्हणाली. "मला फक्त एवढं सांग, तू तोंडानं हो म्हणालास का? हात वर केलास का?" मी म्हणालो नाही. "दुसऱ्या कुणी केला?" मी म्हणालो, मला नाही वाटत. तेव्हा ती पहिल्यांदा समोरच्या खुर्चीवर बसली. "मग नीट ऐक, लांब्या. आज तीन वाजता सभा आहे. पहिला विषय काय असतो? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. एकदा कायम झालं की त्याला हात लावता येत नाही, मी चार दिवस नियमांचं पुस्तक घेऊन बसलेय. पण कायम होण्याआधी कुणीही सभासद उठून म्हणू शकतो की हे असं झालंच नव्हतं. मी सभासद नाही, तू आहेस. तू उठायचंस आणि म्हणायचंस, ठराव चौदाला अनुमोदन मिळालं नव्हतं. बास. अनुमोदक नाही तर ठराव नाही. भाषण नको, माझी स्तुती नको, जुन्या लिपींचं महत्त्व नको. एक वाक्य." तिनं ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. अकरा विद्यार्थी आहेत तिच्याकडे. शंभर-शंभर वर्षांचे कागद, जमिनींचे, दत्तकांचे, भांडणांचे, जे वाचणारं या विद्यापीठात तिच्याखेरीज कुणी उरलेलं नाही, ते ती त्यांना अक्षर अक्षर लावून वाचायला शिकवते. समायोजन म्हणजे तिला बहिःस्थ परीक्षेच्या कार्यालयात अर्ज तपासायला बसवणार, हे तिलाही ठाऊक, मलाही. दाराशी जाऊन ती म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान तू तरी." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी तिला दारापर्यंत पोचवायला उठलोही नव्हतो.

ती गेल्यावर मला बसवेना. मी उभा राहिलो तर उभं राहवेना. मी खरंच हो म्हणालो नव्हतो ना? त्या दिवसाची सभा मी आठवायला बसलो. बारा-तेरा विषय झाले होते. चहाचे कप गोळा झाले होते. मग अध्यक्ष म्हणाले, "ऐनवेळचा एक विषय आहे, माझ्या परवानगीनं घेतोय." ऐनवेळचा विषय म्हणजे ज्याचा कागद आधी मिळत नाही, जो आला की लोक पिशव्या आवरायला घेतात. वाणिज्यवाले काहीतरी वाचत होते. विद्यार्थिसंख्या, जागेचा सुयोग्य वापर, असले शब्द कानावर आले, आत शिरले नाहीत, कारण मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक माणूस शिडीवर उभा राहून काचा पुसत होता. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात फडकं, आणि दर काच झाली की तो मान मागे घेऊन तिच्याकडे बघायचा. मला त्याची भीती वाटत होती. पडेल, पडेल, असं होत होतं. मग त्यानं शेवटची काच पुसली, वळला, त्याला मी दिसलो, आणि त्यानं हसून फडकं हलवलं. मी मान हलवली. आता आठवलं. मी मान हलवली होती. चांगली खालीवर, दोनदा. त्याच वेळी भाऊसाहेबांनी वर बघितलं असेल तर? अध्यक्षांनी बघितलं असेल तर? म्हणजे निदान या एका ठरावाला तरी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मी खरंखुरं अनुमोदन दिलेलं दिसलं असणार. मी खुर्चीत बसून मान हलवून पाहिली, दोनदा, तशीच. बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्या एका मुलीनं मला नमस्कार केला.

बरं, तेवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मनात एक दुसरं होतं, आणि ते मी त्या सकाळभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होतो. टाचणीच्या विभागाच्या दोन खोल्या माझ्या विभागाला लागून आहेत. मधली भिंत पातळ आहे, तिचा तास चालला की मला ऐकू येतो. त्या खोल्यांना पूर्वेचा उजेड आहे. माझ्या विभागाला सात वर्षं जागा कमी पडतेय, नकाशे जमिनीवर ठेवतो आम्ही, उंदरांनी दोन खाल्लेत. मी सात वर्षं अर्ज करतोय. आणि गेल्या वर्षी, कुठल्याशा सभेनंतर चहा पिताना, मी वाणिज्यवाल्यांना म्हणालो होतो, "अहो, अकरा मुलांसाठी दोन खोल्या! ते खातं बंद करा आणि माझे नकाशे आत जाऊ द्या." थट्टाच होती. सगळे हसले, वाणिज्यवाले जरा जास्तच हसले, आणि मग त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपून घेतलं. मला तेव्हा वाटलं, कुणाचा तरी फोन नंबर असेल. माणूस थट्टा का करतो? खरं बोलायची छाती नसते म्हणून, असं आमची आई म्हणायची. तसं असेल तर मला त्या खोल्या हव्या होत्या. होत्याच. उजेड डोळ्यासमोर येत होता, नकाशे कुठं टांगायचे ते मी मनातल्या मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं, मोठा उत्तरेच्या भिंतीवर. मी इतका हलकट माणूस आहे हे मला सकाळी साडेअकरा वाजता, हातात बिस्किट असताना कळलं. बिस्किट खाल्लं मी.

मग ताईची आठवण आली. येणारच होती. असल्या वेळी ती येतेच, चाळीस वर्षं येतेय. ताईला डॉक्टर व्हायचं होतं. मार्कही होते. वडील गेल्यावर घरातल्या मोठ्यांची बैठक बसली, दोन काका, मामा, आई भिंतीला टेकून. मी सोळा वर्षांचा. ठरलं की पोरीला आता पुढं शिकवायचं नाही, लग्न बघायचं. मोठे काका एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, तू घरातला पुरुष, तुझं काय म्हणणं?" आणि मी काहीच म्हणालो नाही. मी तेव्हाही खिडकीतच बसलो होतो, कठड्यावर, पाय हलवत. काका म्हणाले, "बघा, त्यालाही पटलंय." ताईनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आजपर्यंत वागवतोय. तिचं बरं चाललंय तसं, दोन मुलं, नवरा साधा, पण तिच्याकडे गेलो की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ती म्हणते, बाहेर खातोस म्हणून भूक नसते तुला. दुपारी बाराच्या सुमाराला, काय डोक्यात आलं कोण जाणे, मी तिला फोन लावला.

"काय रे? बरं आहे ना सगळं?" तिनं विचारलं. मी एकदम म्हणालो, "ताई, ती बैठक आठवते? तुझ्या शिक्षणाची? काकांनी मला विचारलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो." पलीकडे नळाचा आवाज येत होता. तिनं नळ बंद केला. "तुला? तुला कशाला विचारतील? तू नव्हतासच." मी म्हणालो, "होतो, खिडकीत बसलो होतो." "काहीतरीच! तुला मामानं पत्र टाकायला पाठवलं होतं, मुद्दाम, पोराच्या देखत नको म्हणून. मला नीट आठवतंय, कारण तू असतास तर काहीतरी बोलला असतास असं मला वाटलं होतं तेव्हा. नंतर आईलासुद्धा म्हणाले मी." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जणू कपडे वाळत घातल्याचं सांगतेय. मी विचारलं, "नक्की?" तर म्हणाली, "अरे, आयुष्य माझं गेलं, मला आठवणार नाही? तू जेवलास का?" फोन ठेवल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणायचं. पण पायाखालची जमीनच सरकली. मला जे स्वच्छ आठवतं, कठडा, हलणारे पाय, काकांचा आवाज, ते जर झालंच नसेल, तर मागच्या महिन्यातल्या सभेबद्दल मी काय छातीठोक सांगणार? आणि दुसरं, जे जास्त लागलं ते हे, की मी असतो तर बोललो असतो असा त्या बाईचा माझ्यावर चाळीस वर्षं विश्वास होता. फुकटचा. मला तो परत करायचा होता आणि कुठं करायचा ते कळत नव्हतं.

दोन वाजल्यापासून मी ते वाक्य म्हणत होतो. ठराव चौदाला अनुमोदन मिळालं नव्हतं. जिना चढताना म्हटलं, उतरताना म्हटलं, तोंड धुताना आरशासमोर म्हटलं. वाक्य सोपं आहे. पण जितक्या वेळा म्हणावं तितकं ते जड होत गेलं. कारण त्याचा अर्थ काय? अनुमोदन नव्हतं म्हणजे भाऊसाहेबांनी खोटं लिहिलं. भाऊसाहेब चार महिन्यांनी निवृत्त होतायत. म्हणजे अध्यक्षांनी खोटा ठराव पुकारला. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा हेच अध्यक्ष दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी पाच तास बसले होते, एक शब्द न बोलता, फक्त मधून मधून पाणी आणून देत. आणि चौदाला नव्हतं तर तेराला तरी कुठं होतं? बाराला? नऊ वर्षांतल्या कुठल्या ठरावाला होतं? एक वीट काढायची म्हटली तर अख्खी भिंत अंगावर. मी आपला साधा माणूस, मला भिंती पाडायच्या नव्हत्या. मला फक्त टाचणीनं मला परत लांब्या म्हणावं एवढंच हवं होतं. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं, आता लिहिताना कळतंय.

सभागृहात मी खिडकीजवळ बसलो नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. तिथं नेहमी बसणारे भूगोलवाले, गोड माणूस, कुणाला कधी नाही म्हणत नाहीत, ते आले, माझ्याकडे बघून गोंधळले आणि जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. "वा, इथं वारा छान येतो हो!" म्हणाले. भाऊसाहेबांनी मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली. अध्यक्ष आले, मला बघून म्हणाले, "काय, आज जागा बदल?" मी हसलो. टेबलावर पाण्याचे ग्लास, झाकणं घातलेले. कुणीतरी झाकण वाजवत होतं. "विषय पहिला," अध्यक्ष म्हणाले, "मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. कुणाची काही सूचना? नाही ना? तर मग..."

मी उठलो. मी उठलो हे महत्त्वाचं आहे, ते मी स्वतःला नंतरही सांगत राहिलो. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. बावीस चेहरे वळले. ही गोष्ट आमच्याकडे होत नाही, पहिल्या विषयाला कुणी उठत नाही. वाक्य तयार होतं, आणि मी समोर बघितलं तर भाऊसाहेबांचा हात पेनासकट थांबलेला होता. त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "ठराव चौदा. त्याला मी अनुमोदन दिलं नव्हतं."

काय चुकलं ते वाक्य संपता संपताच कळलं. कळलं, आणि तरीही मी पुढे एक शब्द बोललो नाही. अध्यक्षांचा चेहरा क्षणभर आवळला होता, तो सैल झाला. "असं होय," ते म्हणाले, अगदी मायेनं म्हणाले. "पडलं असेल तुमचं नाव चुकून. तुमची मैत्री आहे त्या बाईंशी, समजू शकतो आम्ही. मग कुणी दिलं होतं बरं?" कुणी खोकलं. कुणी कागद उलटला. आणि खिडकीजवळून भूगोलवाले म्हणाले, "मी दिलं असेन. माझं घाला ना, त्यात काय!" सगळे हसले. मोकळं, बरं वाटलेलं हसू. वाणिज्यवाले म्हणाले, "बघा, लोकशाही!" आणि आणखी हसले. "भाऊसाहेब, दुरुस्ती करून घ्या," अध्यक्ष म्हणाले. "दुरुस्तीसह इतिवृत्त कायम. विषय दुसरा." सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. मी अजून उभाच होतो. कुणीच नाही, असं मी म्हणू शकलो असतो. कुणीच दिलं नव्हतं, तुम्हीही नाही, एवढं. अजूनही ओठांवर होतं. पण खरं सांगतो, आज खोटं बोलून काय करू, त्या क्षणी माझ्या छातीत जे दाटून आलं ते दुःख नव्हतं. सुटलो असं वाटलं. आंघोळ करून आल्यासारखं वाटलं. मी खाली बसलो आणि दुसऱ्या विषयाचा कागद पुढे ओढला.

सभा सव्वाचारला संपली. टाचणी जिन्याच्या वळणावर उभी होती, हातात वह्यांचा गठ्ठा. मला बघून चार पायऱ्या वर आली. "बोललास?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "बोललो." "उभं राहून?" "हो. उभं राहून." तिनं गठ्ठा छातीशी धरला आणि मटकन पायरीवरच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि हसली. "आई गं! लांब्या, सकाळी मी तुला काय नाही ते बोलले रे. मला वाटलं होतं तू आयत्या वेळी शेपूट घालशील. चार दिवस झोप नाही मला. बस ना, बस इथं." मी बसलो नाही. वरून लोक उतरत होते, कडेकडेनं, आमच्याकडे न बघता. भूगोलवाले उतरले, माझ्या खांद्यावर थोपटून गेले. "सांग ना, काय म्हणाले?" ती विचारत होती. "रद्द केला ना ठराव?"

"नाव बदललं," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"माझं."